दर पंधरा मिनिटांनी पाव लिटर

“अहो, बास की आता,” हेमलता म्हणाली. “पोटात पाणी नुसतं हिंदकळाय लागलंय.”

माझ्या मनगटावरचं घड्याळ वाजलं होतं. ते दर पंधरा मिनिटांनी वाजायचं, तसं मीच लावलेलं होतं. मी सायकल तिच्या बरोबरीला आणली आणि तिच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

“पाव लिटर,” मी म्हणालो.

“तहान नाही ओ मला.”

“तहान लागेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो. मागच्या वर्षी काय झालं ते विसरलीस काय?”

एवढं म्हटलं की माझी बायको गप्प व्हायची. तिनं एका हातानं बाटली काढली, तोंडाला लावली आणि मी नजर हटवेपर्यंत पीत राहिली. मग बाटली पुन्हा अडकवून खाली मान घालून पॅडल मारू लागली. मला बरं वाटलं. पाण्याची एक पाळी व्यवस्थित पार पडली होती.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर चिंचोलीचा तलाव आहे. तिथे नोव्हेंबरात ट्रायथलॉन व्हायची. आधी तलावात दीड किलोमीटर पोहायचं, मग साठ किलोमीटर सायकल, मग पंधरा किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं सहा तासांच्या आत. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो, हेमलता चव्वेचाळीस. आम्ही दोघंही उतरलो होतो.

त्याच्या मागच्या वर्षी मी एकटा उतरलो होतो आणि धावताना अकराव्या किलोमीटरला पडलो होतो. ऊन रणरणत होतं आणि मी मोठा शहाणा, वेळ वाचवायला पाण्याच्या टेबलांवर थांबलोच नव्हतो. लघवी चहाच्या रंगाची झाली. चार दिवस दवाखान्यात होतो. अजून तासभर उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. हेमलता ते चार दिवस पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून होती. घरी निघताना रिक्षात ती म्हणाली, “पुढच्या वर्षी मी पण येणार.”

मी हसलो.

“हसू नका. तुम्ही कुठं पडलाय ते मला दोन तास कळलं नव्हतं. बाहेर उभी राहून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. आता बरोबरच असेन.”

तिचं माहेर कृष्णाकाठचं. लहानपणी ती भावांच्या मागोमाग नदी पार करायची, त्यामुळे पोहण्यात तिनं मला कधीच पुढे जाऊ दिलं नाही. सायकल शिकली, पडली, गुडघे फोडून घेतले आणि पुन्हा चढली. सासूबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या देखत अर्धी विजार घालून धावायला तिला पहिले आठ दिवस लाज वाटली. मग आईच म्हणाली, “आता जा बाई, सगळ्या गल्लीनं बघून झालंय.”

तिचा सराव मी घ्यायचो. आता माझा धंदा सांगायला हवा. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. कालव्याच्या कुठल्या चारीला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं, हे ठरवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. कधी एखादा शेतकरी म्हणायचा, साहेब, रान अजून ओलं आहे, आज पाणी नको. मी म्हणायचो, तुझी पाळी आज आहे, आज घ्यायचं. कागदावरची पाळी चुकली की सगळा कालवा बिघडतो अशी माझी ठाम समजूत होती. मागच्या वर्षी मी पाण्यावाचून पडलो होतो, तेव्हा या वर्षी पाण्याचंही वेळापत्रक केलं. दर पंधरा मिनिटांनी पाव लिटर, मला आणि तिलाही. मी अडुसष्ट किलोचा आणि ती एक्कावन्न किलोची, हे मला चांगलं माहीत होतं. तरी पाव लिटर दोघांना सारखंच ठेवलं. काळजीत कमी-जास्त कशाला, असं वाटलं.

माझ्याकडे एक वही होती. तिच्यात हेमलताचं रोजचं वजन, नाडीचे ठोके, किती अंतर, किती वेळ, सगळं लिहिलेलं असायचं. जुलैत तिच्या पोटऱ्यांना गोळे यायला लागले. तिथे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, “पोटरीत गोळा. पाणी वाढवणे.” सप्टेंबरात तिला चक्कर आली. तिथेही तेच लिहिलेलं आहे.

शर्यतीच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. ऊन नव्हतंच. तलावावरून गार वारा सुटला होता आणि सगळे म्हणत होते, काय दिवस मिळालाय! मीही म्हणालो. पण वेळापत्रक मी उन्हाच्या हिशेबानं केलं होतं, आणि माझं वेळापत्रक आभाळाकडे बघून बदलत नसे. पहाटे उतरण्याआधी मी तिला लिटरभर पाणी पाजलं होतं. बाटल्यांत मी आदल्या संध्याकाळीच, तलावाजवळ मुक्कामाला घेतलेल्या खोलीत, क्षारांची पावडर घालून ठेवली होती, तिच्या सहा आणि माझ्या सहा.

पोहून ती माझ्या आधी चार मिनिटं बाहेर आली. ओल्या केसांनी सायकलपाशी माझी वाट बघत उभी होती आणि हसत होती. 

“काय ओ, मगर लागली का काय पायाला?”

तिचं शर्यतीतलं शेवटचं हसू मी तेव्हा बघितलं.

सायकलवर पंचेचाळीसाव्या किलोमीटरला ती म्हणाली, “हात जड झालेत. बांगड्या काचाय लागल्यात.” तिनं दोन्ही हातांत एकेक हिरवी बांगडी ठेवली होती, तेवढी काढायला ती तयार नव्हती.

“हँडल घट्ट धरतेस म्हणून. सैल धर,” मी म्हणालो.

सायकल ठेवून धावायला लागलो तेव्हा ती म्हणाली, डोकं ठणकतंय. मी म्हणालो, पाणी कमी पडलंय. चौथ्या किलोमीटरला तिनं रस्त्याच्या कडेला वाकून ओकारी काढली. नुसतं पाणी पडलं, स्वच्छ. मी घड्याळ बघितलं. जेवढं पडलं तेवढं परत भरायला हवं, म्हणून टेबलावर ठेवलेली तिची बाटली आणून तिच्या हातात दिली. टेबलावरचा कार्यकर्ता म्हणाला, “थोरवत साहेब, वहिनींना जरा बसू द्या की.” मी त्याला म्हणालो, मला माहीत आहे काय करायचं ते.

मला खरंच वाटत होतं की मला माहीत आहे. ती पडू नये, एवढी एकच गोष्ट मला त्या दिवशी हवी होती. शर्यत गेली खड्ड्यात, पण माझं जे झालं ते हिचं होता कामा नये.

नवव्या किलोमीटरला ती थांबली. तलाव आमच्या डाव्या हाताला होता. तिनं तलावाकडे बघितलं आणि मला म्हणाली, “दादा, पाणी चढलंय रे. नाव सोडू नकोस.”

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. तो वारून बारा वर्षं झाली होती.

“हेमा, मी आहे,” मी म्हणालो.

“आई ओरडंल,” ती म्हणाली आणि रस्त्यावर फतकल मारून बसली.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि काय केलं असेल? बाटली तिच्या तोंडाला लावली. तिनं दात आवळून धरले होते. मी बोटांनी ते उघडून पाणी ओतलं. आजही हात धुताना मला कधीकधी ती बोटं दिसतात.

वैद्यकीय तंबू तिथून दोनशे मीटरवर होता. दोन पोरांनी आणि मी मिळून तिला उचलून नेलं. तंबूत डॉक्टर शिरोळकर म्हणून पन्नाशीच्या बाई होत्या, त्यांच्याबरोबर एक नर्स. पडलेल्या लोकांची त्यांना सवय होती. त्यांची घाई दिसत नव्हती, आणि मला त्याचाच संताप आला.

“सलाईन लावा,” मी आत शिरता शिरताच म्हणालो. “पाणी कमी झालंय. मागच्या वर्षी मला असंच झालं होतं. दोन बाटल्या लावा, लवकर.”

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत टॉर्चचा उजेड टाकला. हेमलताचा ओठ खाली ओढून आतून बघितला. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. मग तिची बोटं बघत राहिल्या. बोटं सुजलेली होती, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

“बांगड्या काढा,” त्या नर्सला म्हणाल्या.

नर्सनं साबण लावून बघितलं. “निघत नाहीत, मॅडम. वाढवाव्या लागतील.”

“वाढवा.”

हिरव्या काचेचा बारीक आवाज दोनदा झाला. हेमलता शुद्धीवर असती तर तिनं हात काढून घेतला असता.

“यांना पाणी किती दिलंत?” डॉक्टरांनी मला विचारलं.

या प्रश्नाची मी वर्षभर तयारी केली होती. मी घड्याळ पुढे केलं. “दर पंधरा मिनिटांनी पाव लिटर. एकही वेळ चुकलेली नाही. पोहण्याआधी एक लिटर. सगळं मिळून पाच लिटरच्या आसपास.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलंही नाही.

“सकाळी वजन केलं होतं का यांचं?”

“एक्कावन्न किलो चारशे.”

“तो काटा इकडे आणा,” त्या कार्यकर्त्याला म्हणाल्या. तंबूच्या दाराशी नोंदणीसाठी ठेवलेला वजनकाटा होता. “तुम्ही एकटे उभे राहा आधी.”

“मॅडम, तिला सलाईन...”

“उभे राहा.”

मी उभा राहिलो. अडुसष्ट किलो दोनशे.

“आता यांना उचलून घ्या आणि परत उभे राहा.”

मी हेमलताला दोन्ही हातांवर घेतलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर कललं होतं आणि तिच्या केसांना तलावाच्या पाण्याचा वास येत होता. लग्नानंतर मी तिला कधी असं उचललं नव्हतं. काट्यावरचे आकडे थोडे हलले आणि स्थिर झाले. एकशे एकवीस किलो नऊशे.

वजाबाकी मला शिकवायला नको होती. त्रेपन्न किलो सातशे. पाच तास पोहून, सायकल मारून, धावून, घाम गाळून माझी बायको सकाळपेक्षा दोन किलो तीनशे ग्रॅमनं वाढली होती. आमच्या भागात उसाला पाणी पाजून पाजून चिबडलेली कितीतरी रानं मी नोकरीत बघितली होती. वर पाणी साचतं आणि खाली मुळं कुजतात. मला ते धंद्यानं माहीत होतं, आणि तरी मी ते केलं होतं.

“पाणी कमी नाही पडलं, थोरवत,” डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागला. “शरीरात मावणार नाही इतकं झालंय. रक्तातलं मीठ पातळ झालंय आणि मेंदूला सूज येतीये. आता एक थेंबही द्यायचा नाही.”

“पण मीठ होतं त्यात. प्रत्येक बाटलीत मी स्वतः पावडर घातलीय.”

“नक्की?”

“माझ्या हातानं.”

त्यांच्या कपाळावर आठी पडली. “एवढ्या पाण्यापुढे पावडर पुरत नाही, ते ठीक. पण इतकं लवकर आणि इतकं जास्त...” त्या थांबल्या. “माझ्याकडे जास्त मिठाचं सलाईन आहे, तीन टक्क्यांचं. एरवी रक्त तपासल्याशिवाय मी ते लावत नाही. तपासायचं यंत्र इथं नाही, कोल्हापुरात आहे.”

“मग कोल्हापूरला नेऊ.”

“चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ यांच्याकडे आहे असं मला वाटत नाही. मी लावणार आहे. तुम्हाला सांगून लावतेय.”

दहा मिनिटांपूर्वी मी या बाईंना सलाईन कुठलं लावायचं ते शिकवत होतो. मी नुसती मान हलवली.

शंभर मिली गेलं. रुग्णवाहिकेत चढवताना हेमलताला आकडी आली. तिचे डोळे वर गेले आणि ते हातपाय, ज्यांचा वेग आणि ठोके मी वर्षभर लिहून ठेवत होतो, ते माझ्यासमोर आपोआप झटके देऊ लागले. डॉक्टरांनी आणखी शंभर मिली लावलं आणि त्या स्वतः आमच्याबरोबर गाडीत बसल्या. मी हेमलताची जवळजवळ मोकळी बाटली हातात धरून बसलो होतो. ती माझ्या हातात का राहिली ते मला ठाऊक नाही. त्या चाळीस मिनिटांत मी कुठल्याही देवाचं नाव घेतलं नाही, कारण मागायचं कुठल्या तोंडानं? पाणी मीच पाजलं होतं.

दवाखान्यात रक्त तपासलं. मिठाचा आकडा एकशे पस्तीसच्या वर हवा असतो, तो एकशे सोळा होता, आणि हे तीन टक्क्यांचं सलाईन लावून झाल्यावर. तिला आतल्या खोलीत नेलं. तासाभरानं डॉक्टर शिरोळकर बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या.

“आकडी थांबलीय,” त्या म्हणाल्या. “त्या वेळी लावलं ते बरं झालं. पण अजून काही सांगता येत नाही. एक विचारू का? घरी आळणी खातात का या? रक्तदाब वगैरे काही?”

“छे. आमचं जेवण चांगलं तिखट-मिठाचं असतं.”

“तुमचं नाही विचारत. यांचं विचारतेय.”

हेमलताच्या ताटात काय असतं, ते मी आठवू लागलो. मी आधी जेवायचो, त्या दोघी सासू-सुना मागाहून. सुट्टीच्या दिवशी एकत्र बसायचो, तेव्हा ती वाढायला उठायची. सरावाच्या सकाळी ती माझ्यासाठी उपमा करायची. आणि स्वतः? वहीत माझ्याच अक्षरात होतं, “हेमा : दोन केळी, एक ग्लास दूध.” रोज तेच. वर्षभर मी ते लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, काय शिस्तीची बाई आहे.

मी उठलो आणि गावी आईला फोन लावला.

“आई, हेमा जेवणात मीठ खाते ना?”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, “कोण इचारतंय?”

“डॉक्टर विचारतायत. ती दवाखान्यात आहे. खरं सांग.”

“आगं माझे बाय,” आई म्हणाली. “न्हाई खात. गेल्या साली तू पडलास न्हवं, तवापासनं. जानाईदेवीला नवस बोललीया. ह्यांची ही शर्यत धडपणी पार पडू दे, शेवटाला पोचू देत, तवर तोंडाला मीठ लावणार न्हाई म्हणून.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“ज्याच्यासाठी बोलायचं त्येला सांगत न्हाईत. आन सांगाय कशाला पायजे रं? आमटीत मीठ घालायच्या आदी ती आपल्यापुरती वाटी काढून ठेवायची. शेजारच्या पोरीला दिसत हुतं. तुला दिसलं न्हाई व्हय?”

मी फोन ठेवला. हातातली बाटली उघडली. तळाशी दोन घोट राहिले होते. ते मी प्यायलो. नुसतं गोडं पाणी होतं, आमच्या खोलीतल्या नळाचं. नंतर मला कळलं की पहाटे, मी सायकलींत हवा भरत असताना, तिनं सहाच्या सहा बाटल्या न्हाणीघरात रिकाम्या करून पुन्हा भरल्या होत्या. मीठ तोंडाला लावायचं नाही म्हणजे पावडरीतलंही नाही.

मी दवाखान्याच्या आवारात उभा राहून रडलो. लोक बघत होते. बघू देत म्हटलं.

मी अजून त्या शर्यतीला जातो, धावायला नाही, पाण्याच्या टेबलावर उभा राहायला. येणाऱ्याला आधी विचारतो, तहान लागलीय का? नाही म्हणाला तर ग्लास परत ठेवतो. काही पोरं हसतात, पाणीवाला पाणी देईना म्हणून. डॉक्टर शिरोळकरांनी मला जे सांगितलं ते मी त्यांना सांगतो, की शरीर स्वतःहून मागतं, त्याचं ऐकायचं, आणि घाम जातो तेव्हा पाण्याबरोबर मीठही जातं. बाकीचं सांगत नाही.

त्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलतानं डोळे उघडले. मला ओळखलं, कुठे आहोत ते विचारलं, आणि पुन्हा झोपली. नऊ वाजता नर्स बाहेर आली ती कुरकुरतच.

“तुमच्या मिसेस पेज घेत नाहीत. मीठ घातलंय का विचारतात. मीठ असेल तर नको म्हणतात. आता हो काय करायचं? डॉक्टरांनी तर मिठाचीच द्यायला सांगितलीय.”

आई पहिल्या एसटीनं येऊन पोचली होती. ती बाकावर पाय वर घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ गेलो.

“आई, मी पोचलो नाही. नवव्या किलोमीटरला थांबलो.”

“कळलं मला.”

“म्हणजे तिचा नवस तसाच राहिला. ती मीठ खाणार नाही. मी सांगितलं तरी नाही.”

आईनं पदर खांद्यावर घेतला. ती पंचाहत्तर वर्षांची होती. जानाईच्या टेकडीवर चप्पल घालून गेलेली मी तिला कधी बघितली नाही, आणि देवीच्या नावावर तिनं कधी अर्धा शब्दही वावगा काढला नव्हता.

“जानाईला काय सांगायचं ते माझं मी बघती,” ती म्हणाली. “तू आत चल.”

हेमलता उशीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, हातात सुई, मनगटं मोकळी. शेजारच्या टेबलावर पेजेची वाटी होती, तिच्यासाठी मुद्दाम आणलेली आळणी, आणि बाजूला कागदात मीठ.

“सलाईनमधनं गेलं ते माझ्या हातात नव्हतं,” ती मला बघताच म्हणाली. आवाज अगदी बारीक येत होता. “पण तोंडानं नाही घेणार. तुम्हाला कळलं असेल आता सगळं.”

“कळलं.”

“रागावलात?”

“नाही.”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “पोचलात का?”

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एक आकडा खोटा लिहिला नव्हता. आमदाराचा फोन आला तरी लिहिला नव्हता.

“पोचलो,” मी म्हणालो.

“किती वेळात?”

हे विचारलं जाईल असं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बाईनं बावीस वर्षं माझ्याबरोबर काढली होती. आकड्याशिवाय माझं काही खरं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

“पाच तास बावन्न मिनिटं.”

ती मनात हिशेब करत असावी. मग तिनं आईकडे बघितलं. “खरं काय, आत्याबाई?”

आई पलंगाच्या कडेवर बसली. तिनं हेमलताच्या पायावर हात ठेवला. “पोचला की गं. पार शेवटाला. जानाईनं ऐकलं तुझं. आता खा.”

मी कागदातलं मीठ पेजेत टाकलं. किती टाकलं ते मोजलं नाही. चमच्यानं ढवळलं, चमचा भरला आणि तिच्या तोंडापाशी नेला. तिनं तोंड उघडलं नाही.

“म्हणजे मला त्या तंबूत टाकून गेलात?” तिनं विचारलं.

तिचे डोळे माझ्यावर होते. हा माणूस आपल्याला बेशुद्ध टाकून उरलेले सहा किलोमीटर धावायला गेला, असं ती आता जन्मभर समजणार होती. दुसरा रस्ता नव्हता.

“गेलो,” मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला.

“बरं केलंत,” हेमलता म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.